शांततेची मुदत

३१ ऑगस्ट १९९४ रोजी आयरिश रिपब्लिकन आर्मीने एक छोटेसे निवेदन काढले. त्या मध्यरात्रीपासून आपल्या लष्करी कारवाया पूर्णपणे थांबतील, असा त्याचा आशय होता. उत्तर आयर्लंडमध्ये पाव शतक बॉम्बस्फोट, गोळीबार आणि सूडाचे हत्यासत्र चालू होते. तीन हजारांहून अधिक माणसे त्यात गेली होती. निवेदन येताच पश्चिम बेलफास्टमध्ये लोक रस्त्यांवर आले, मोटारींचे भोंगे वाजवत फिरले. लंडनमध्ये मात्र वाद पेटला तो एका विशेषणावरून. निवेदनात ‘कम्प्लीट’ हा शब्द होता, ‘पर्मनंट’ नव्हता. पंतप्रधान जॉन मेजर यांच्या सरकारला तो दुसरा शब्द हवा होता आणि संघटना तो द्यायला तयार नव्हती.

मी त्या काळात एका मराठी दैनिकात परदेशी बातम्यांच्या टेबलावर होतो. वृत्तसंस्थेच्या इंग्रजी तारा मराठीत आणायच्या, मथळा द्यायचा आणि पान वेळेवर सोडायचे, हे काम. त्या रात्री पहिली तार हाती आली तेव्हा टेबलावर सगळ्यांना एकच मथळा सुचत होता : ‘आयर्लंडमधील सशस्त्र लढ्याला पूर्णविराम’. ‘कम्प्लीट’ म्हणजे पूर्ण, थांबणे म्हणजे विराम. शब्द अगदी चपखल बसत होते. आमच्या वृत्तसंपादकांनी तो मथळा अडवला. मराठीत पूर्णविराम दिला की वाक्य संपते, त्यापुढे काही उरत नाही. आणि या लोकांनी नेमके तेवढेच म्हणायचे टाळले आहे, असे त्यांचे म्हणणे. ‘कारवाया थांबवल्या’ असा साधा मथळा त्या रात्री गेला.

‘कम्प्लीट’ व्याप्ती सांगतो. सगळीकडे, सगळ्यांनी, सगळ्या प्रकारच्या कारवाया थांबवायच्या. ‘पर्मनंट’ काळ सांगतो. पहिल्या शब्दाने आजचा दिवस भरून जातो, उद्याबद्दल तो काहीच बोलत नाही. सतरा महिन्यांनी, ९ फेब्रुवारी १९९६ च्या संध्याकाळी लंडनच्या डॉकलंड्स भागात स्फोट झाला, दोन माणसे मेली, आणि थांबलेल्या कारवाया पुन्हा सुरू झाल्याचे जगाला कळले. शांततेविषयीचे इंग्रजी शब्द त्यांच्यात काळ किती भरला आहे हे पाहत वाचण्याची सवय मला तेव्हा लागली. नोकरी संपली तरी ती सवय सुटलेली नाही.

आमच्याकडे इंग्रजी तारांतून असे बरेच शब्द येत : सीझफायर, ट्रूस, आर्मिस्टिस, सेसेशन, ट्रीटी, पीस. मराठीत त्यांच्यासाठी शस्त्रसंधी, युद्धबंदी, युद्धविराम, तह आणि शांतता एवढे शब्द हाताशी असत, आणि मथळ्याच्या रुंदीत जो बसेल तो वापरला जाई. वाचकालाही त्यात वावगे वाटत नसे. लढाई थांबली, एवढे त्याला कळले की पुरे. पण लढाई कोणत्या शब्दाने थांबली यावर ती किती दिवस थांबणार हे ठरते. ‘सीझफायर’ ही मुळात तोफखान्याला आणि बंदूकधाऱ्यांना द्यायची लष्करी आज्ञा आहे. गोळी झाडू नका, एवढेच ती सांगते. जो अधिकारी ती देतो तोच पुढच्या क्षणी उलट आज्ञा देऊ शकतो. ‘ट्रीटी’ हा करार. त्यात कलमे येतात, सह्या येतात, पुढच्या पिढ्यांनाही बांधणारी भाषा येते. या दोन टोकांच्या मध्ये ‘आर्मिस्टिस’ आणि ‘ट्रूस’ हे शब्द आहेत, आणि मला सर्वांत बोलके तेच वाटतात.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्याचे उत्तरेकडे सरकणे थांबते. काही दिवस तो क्षितिजावर जवळजवळ एकाच जागी उगवताना दिसतो आणि मग दक्षिणेकडे वळतो. रोमन लोकांनी या थांबण्याला ‘सोल्स्टिशियम’ म्हटले, म्हणजे सूर्याचे उभे राहणे. त्यातला ‘उभे राहणे’ हा अंश आणि संस्कृतातला ‘स्था’ धातू एकाच कुळातले. याच साच्यावर पुढे ‘आर्मिस्टिशियम’ हा शब्द बनला : शस्त्रांचे उभे राहणे. शस्त्रे खाली ठेवली, मोडली किंवा परत केली, असे त्यात कुठेच येत नाही. ती फक्त जागच्या जागी थबकली आहेत. आणि ज्या शब्दाच्या नमुन्यावर हा शब्द घडला, तो सूर्य तर चार दिवसांनी चालू लागणारच असतो.

जुन्या मराठी लिखाणात यासाठी ‘युद्धतहकुबी’ असा शब्द वाचायला मिळतो. मला तो ‘शस्त्रसंधी’पेक्षा किती तरी खरा वाटतो. सभा तहकूब होते ती पुन्हा भरण्यासाठी, आणि हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. ‘संधी’ म्हटले की दोन बाजू जुळल्या असा भास होतो. आर्मिस्टिसमध्ये त्या जुळलेल्या नसतात.

पहिल्या महायुद्धातली तहकुबी हे याचे सर्वांत मोठे उदाहरण. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी पहाटे पाचनंतर थोड्याच वेळात, फ्रान्समधल्या काँपिएनच्या जंगलात मार्शल फॉश यांच्या रेल्वेच्या डब्यात सह्या झाल्या. अंमल सुरू व्हायचा होता सकाळी अकराला. मधल्या सहा तासांत आघाडीवर अनेक ठिकाणी लढाई चालूच राहिली. बाल्टिमोरचा हेन्री गुंथर हा अमेरिकी सैनिक दहा वाजून एकोणसाठ मिनिटांनी मारला गेला, अशी नोंद आहे. सह्या झाल्या म्हणजे शांतता झाली असे आपण धरून चालतो, पण त्या दिवशी शांततेला घड्याळाची एक वेळ दिलेली होती आणि ती वेळ येईपर्यंत माणसे मरत होती. त्या कराराला मुदतही होती, अवघी छत्तीस दिवसांची. ती पुनःपुन्हा वाढवत नेली गेली. शांततेचा तह झाला तो व्हर्सायला, २८ जून १९१९ रोजी.

म्हणून ते युद्ध कधी संपले या प्रश्नाची एकाहून अधिक उत्तरे आहेत. आपल्या शाळेच्या पुस्तकांत १९१८ हे साल आहे. दिल्लीच्या इंडिया गेटवर, डोक्यावरच्या ‘इंडिया’ या शब्दाच्या दोन्ही बाजूंना रोमन आकड्यांत साले कोरलेली आहेत, ती १९१४ आणि १९१९. पुण्याला खडकीची युद्धस्मशानभूमी आहे. तिची देखभाल करणारे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन पहिल्या महायुद्धाचा काळ ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंत धरते, कारण ब्रिटिश कायद्याच्या दृष्टीने युद्ध त्या तारखेला संपले. तोफा थांबल्या ते एक साल, तह झाला ते दुसरे, कायद्याने मान्य केले ते तिसरे. घरी पत्राची वाट पाहणाऱ्या माणसांसाठी यातले कोणते साल खरे होते हे कुठल्याही दगडावर कोरलेले नाही.

‘ट्रूस’चे कूळ निराळे आहे. तो ‘ट्रू’ आणि ‘ट्रस्ट’ यांच्या घरातला शब्द. दिलेला शब्द, इमान, असा त्याचा जुना अर्थ. मध्ययुगात त्याला एक फार सुंदर उपयोग सापडला. दहाव्या-अकराव्या शतकात फ्रान्समधले सरदार एकमेकांवर चालून जात आणि त्यात शेतकऱ्यांची पिके, गुरे, घरे उद्ध्वस्त होत. राजाची सत्ता दुबळी होती. तेव्हा चर्चने दोन उपाय काढले. ९८९ साली शारू येथे भरलेल्या धर्मसभेपासून ‘पीस ऑफ गॉड’ची चळवळ सुरू झाली. तिने काही माणसांना आणि वस्तूंना अभय दिले : धर्मगुरू, गरीब शेतकरी, त्याची जनावरे. पुढे १०२७ साली दक्षिण फ्रान्समध्ये, पर्पिन्याँजवळच्या एका गावी ओलिबा या बिशपच्या पुढाकाराने सभा भरली, आणि तिथे ‘ट्रूस ऑफ गॉड’ने काळालाच अभय दिले. शनिवारच्या नवव्या तासापासून सोमवारच्या पहिल्या तासापर्यंत कोणी आपल्या वैऱ्यावरही हत्यार उचलायचे नाही. पुढच्या काही वर्षांत ही मर्यादा वाढत जाऊन बुधवारच्या सूर्यास्तापासून सोमवारच्या सूर्योदयापर्यंत पोचली. म्हणजे आठवड्यातला निम्म्याहून अधिक काळ लढाईतून काढून घेतला गेला. माणसांना ‘लढू नका’ असे सांगून ती ऐकत नव्हती. ‘गुरुवारी लढू नका’ हे सांगता येत होते, आणि मोडले तर दाखवून देता येत होते. सगळ्यांनी ते पाळले असे नाही. पण शांततेला वार आणि तास देण्याची ही कल्पना मला युरोपच्या इतिहासातल्या थोर कल्पनांपैकी एक वाटते.

तो ‘नववा तास’ म्हणजे सूर्योदयापासून मोजलेला, साधारण दुपारी तीनचा सुमार. त्याच्या ‘नोना’ या लॅटिन नावापासून इंग्रजीतला ‘नून’ आला. नवव्या तासाची प्रार्थना हळूहळू अलीकडे सरकत गेली आणि तिच्याबरोबर शब्दही सरकून माध्यान्हीवर येऊन थांबला. आणि ‘अवर’ हा ज्या ग्रीक ‘होरा’तून निघाला, तो होरा आपल्या पंचांगात आजही आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘अहोरात्र’ या शब्दाचे पहिले आणि शेवटचे अक्षर गाळून ‘होरा’ झाला, अशीही एक उपपत्ती नोंदवून ठेवली आहे. परक्या शब्दाला आपल्या घरात जागा करून देण्याची ती रीत मला आवडते. काळाचे शब्द सैन्यांच्या आधी आणि सैन्यांपेक्षा दूर प्रवास करतात.

खुद्द ‘पीस’ हा शब्द इंग्रजीत नॉर्मन लोकांबरोबर फ्रेंचमधून आला. त्याआधी इंग्रजांचा स्वतःचा शब्द होता ‘फ्रिथ’. त्याचा धातू आपल्या ‘प्रिय’चा सख्खा भाऊ, ‘फ्रेंड’ आणि ‘फ्री’ही त्याच घरातले. जर्मनमध्ये तो ‘फ्रीडे’ म्हणून अजून जिवंत आहे. इंग्रजीत तो मागे पडला आणि त्याच्या जागी लॅटिन ‘पॅक्स’चा वंशज बसला. पॅक्सचे मूळ बांधणे, पक्के करणे या अर्थाचे. ‘पॅक्ट’ त्यातूनच निघाला, आणि आपला ‘पाश’ त्याच्या नात्यातला. ‘पे’, म्हणजे पैसे चुकते करणे, हाही त्याच कुळातला : ज्याचे देणे आहे त्याला शांत करणे. रोमन लोकांच्या महिन्याचा पहिला दिवस ‘कॅलेंडी’. त्या दिवशी व्याज देय होई आणि सावकाराच्या वहीला ‘कॅलेंडेरियम’ म्हणत. आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरचे नाव तिथून आलेले आहे. शांततेच्या शब्दाच्या आणि काळाच्या शब्दाच्या मागे गेलो तर दोन्हीकडे देण्या-घेण्याची एकच वही सापडते, याचे मला पहिल्यांदा फार आश्चर्य वाटले होते. ‘टाइम’चे मूळ तर कापण्या-वाटण्यात आहे. संस्कृतात ‘दाति’ म्हणजे कापतो. त्याच धातूच्या दूरच्या फांदीवर ‘टाइम’ आणि ‘टाइड’ हे दोन शब्द आहेत. एकीकडे बांधणारी शांतता आणि दुसरीकडे कापत जाणारा काळ.

आपली ‘शांती’ ‘शम्’ धातूची. निवणे, ओसरणे, विझणे. दिवा मालवताना घरातली वडीलधारी माणसे ‘दिवा शांत कर’ म्हणतात. साठ वर्षे पूर्ण झाली की साठीशांत करतात. ही शांती माणसाच्या आत उतरते, आणि तिच्याशी कोणी करार करीत नाही. मला ती प्रिय आहे. पण दोन सैन्ये समोरासमोर उभी असताना तिचा उपयोग नाही, हेही मान्य करायला हवे. तिथे बांधणारा शब्दच लागतो. देणे किती, कोणाचे, आणि कोणत्या तारखेला, हे लिहिलेले असावे लागते. कौटिल्याला हे पुरेपूर ठाऊक होते. परराष्ट्रनीतीचे सहा मार्ग सांगताना त्याने संधी आणि विग्रह शेजारी शेजारी ठेवले आहेत, आणि कोणत्या स्थितीत कोणता मार्ग धरायचा याचा हिशेब मांडला आहे.

तारीख न घालता ‘सर्वकाळ’ म्हटले की काय होते याचा अनुभव महाराष्ट्राला आहे. १८०३ च्या डिसेंबरात गाविलगड पडल्यावर दोनच दिवसांनी, १७ तारखेला, नागपूरकर दुसऱ्या रघूजी भोसल्यांशी इंग्रजांनी देवगावचा तह केला. त्याच महिन्याच्या ३० तारखेला शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा तह झाला. देवगावच्या तहाच्या पहिल्याच कलमात ‘पर्पेच्युअल’ शांतता आणि मैत्री आहे. पुढच्या कलमांत कटक आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला. २६ नोव्हेंबर १८१७ रोजी नागपुरात सीताबर्डीच्या टेकडीवर त्याच दोन पक्षांची लढाई जुंपली. ‘पर्पेच्युअल’ला तेव्हा चौदा वर्षेही पूर्ण झाली नव्हती. हा शब्द त्या काळच्या तहांत रिवाजाने घातला जाई, हे खरे. पण रिवाजाने घातलेला शब्दही वाचणाऱ्याला काही सांगतोच. मुलूख कायमचा गेला होता, शांतता मात्र हवी तेव्हा मोडता येणारी होती.

त्या तहाच्या आठ वर्षे आधी, १७९५ मध्ये, क्योनिग्सबर्गच्या इमान्युएल कांटने चिरंतन शांततेवर एक छोटे पुस्तक लिहिले आणि ते तहाच्याच घाटात, कलमे पाडून लिहिले. त्याच्या सुरुवातीला तो एका डच खानावळीच्या पाटीचा उल्लेख करतो. त्या पाटीवर हेच शब्द होते आणि खाली चित्र होते दफनभूमीचे. त्याचे पहिलेच कलम असे की पुढच्या युद्धाचे कारण मनात राखून केलेला तह हा तहच नव्हे. असा तह म्हणजे नुसती तहकुबी, असे तो स्पष्ट करतो. देवगावात कोणी कांट वाचला नसणार.

सर्वकाळ म्हणणे धोक्याचे, तसे ‘आपला काळ’ म्हणणेही. ३० सप्टेंबर १९३८ रोजी म्युनिकहून परतलेल्या नेव्हिल चेंबरलेन यांनी आपण आपल्या काळासाठी शांतता आणली आहे असे सांगितले. ज्या चेकोस्लोव्हाकियाचा लचका तोडून ही शांतता विकत घेतली होती, तो देश वाटाघाटीच्या टेबलावर नव्हता. ‘आपला’ या शब्दात चेक माणसाचा काळ मोजलेलाच नव्हता. वर्ष पुरे होण्याआधी जर्मन फौजा पोलंडमध्ये होत्या.

मग काळ सांगायचा कसा? याचे सर्वांत चांगले उत्तर मला आयर्लंडमध्येच पुढे सापडले. जुलै १९९७ मध्ये कारवाया पुन्हा थांबल्या. या वेळी ‘पर्मनंट’साठी कोणी अडून बसले नाही. वाटाघाटींचे अध्यक्ष, अमेरिकेचे माजी सिनेटर जॉर्ज मिचेल यांनी उलट एक तारीख ठरवून दिली : गुरुवार, ९ एप्रिल १९९८ ची मध्यरात्र. इंग्रजीत याला ‘डेडलाइन’ म्हणतात. पान सोडणाऱ्या आम्हा लोकांच्या तोंडी हा शब्द दिवसातून दहा वेळा असे. त्याचा उगम कळल्यावर मात्र तो मला इतक्या सहज उच्चारता येईना. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६४ मध्ये, जॉर्जिया राज्यात अँडरसनव्हिलचा बंदिवास होता. तिथे कुंपणाच्या आत एक रेषा आखलेली होती आणि ती ओलांडणाऱ्या कैद्याला पहारेकरी जागीच गोळी घालत. तीच ‘डेडलाइन’. त्या छावणीत सुमारे तेरा हजार कैदी मेले, बहुतेक उपासमारीने आणि रोगराईने. मृत्यूची ती रेषा पुढे छापखान्यांतून आणि वृत्तपत्रांतून वेळेची मर्यादा झाली.

मिचेल यांची मध्यरात्र टळून गेली. तरी वाटाघाटी चालू राहिल्या. शुक्रवारी, १० तारखेच्या संध्याकाळी करार जाहीर झाला. तो ‘गुड फ्रायडे’ होता म्हणून त्याचे तेच नाव पडले. या करारात मुदती जागोजागी आहेत : कैद्यांच्या सुटकेला दोन वर्षे, शस्त्रे निकामी करण्याला दोन वर्षे, जनतेचा कौल मे महिन्यात. कैद्यांची सुटका जवळजवळ ठरल्याप्रमाणे झाली. शस्त्रांची मुदत हुकली. आयरिश रिपब्लिकन आर्मीची शस्त्रे निकामी झाल्याची पुष्टी सप्टेंबर २००५ मध्ये झाली. मध्ये सरकारे पडली, सभागृह तहकूब झाले, पुन्हा भरले. पण प्रत्येक वेळी कोणती तारीख हुकली हे सगळ्यांना माहीत होते, त्यावर बोलता येत होते, नवी तारीख घेता येत होती. १९९४ साली ‘पर्मनंट’ हा शब्द निवेदनात घातला असता तर डॉकलंड्सचा स्फोट टळला असता असे मला वाटत नाही. कायमपणा शब्दाने आधी जाहीर करता येत नाही, तो एकेक मुदत पाळल्यावर मागे वळून पाहताना दिसतो, असे मी या करारावरून समजलो आहे.

मुदत घातली आणि ती पाळायला कोणी उरले नाही, तर काय होते तेही पाहायला हवे. २७ जुलै १९५३ रोजी पानमुनजोम येथे कोरियातल्या युद्धाची तहकुबी सकाळी दहाला सही होऊन रात्री दहाला लागू झाली. तीन महिन्यांत राजकीय परिषद भरवून कायमचा तोडगा काढावा, अशी शिफारस त्या करारातच होती. परिषद जिनिव्हात भरली ती १९५४ च्या एप्रिलमध्ये, आणि जूनमध्ये हात हलवत संपली. शांततेचा तह आजवर झालेला नाही. पण त्याच करारातली एक मुदत काटेकोर पाळली गेली आणि तिच्याशी आपला संबंध आहे. मायदेशी परतायला नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक युद्धकैद्यांना तटस्थ ताब्यात ठेवायचे होते. नव्वद दिवस त्यांची समजूत काढायची आणि एकशे वीस दिवसांनी ताबा सोडायचा, असे ठरले होते. हा ताबा भारतीय पथकाकडे होता आणि त्याचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल शं. पां. पा. थोरात. त्या हजारो कैद्यांत दोन्हीकडचे कट्टर गट होते, छावण्यांत दंगली आणि खून होत होते. जानेवारी १९५४ मध्ये मुदत भरली, ज्यांनी पकडले होते त्यांच्या हवाली कैदी झाले आणि पथक परतले. थोरातांनी पुढे इंग्रजीत आत्मचरित्र लिहिले. त्याच्या नावात पहाटेच्या ‘रेव्हेली’ या बिगुलापासून सूर्यास्ताच्या ‘रिट्रीट’पर्यंतचा सैनिकाचा दिवस आहे.

बाकीच्या तहकुबीचे काय झाले? ती जमिनीत उतरली. जो शब्द काळाचा होता त्याचा सुमारे चार किलोमीटर रुंदीचा पट्टा झाला. आपल्याकडेही हेच घडले. काश्मीरमध्ये १ जानेवारी १९४९ ला गोळीबार थांबला. त्याच वर्षी, आणि योगायोगाने २७ जुलैलाच, कराचीत रेषा आखली गेली आणि तिचे नाव पडले ‘सीझफायर लाइन’. सिमला करारानंतर १९७२ मध्ये तीच थोडीफार बदलून नियंत्रण रेषा झाली. पुढच्या पायरीला मुदत नसली की थांबलेली लढाई नकाशावर जाऊन बसते, आणि तीन-तीन पिढ्या तिच्या दोन्ही बाजूंना पहारा देत राहतात. कोरियात निदान तोफा बहुतांशी थंड राहिल्या, हे थोडे नाही. ज्यांचे नातलग पलीकडे राहिले त्यांना तेवढ्यावर समाधान मानायला सांगणे मात्र मला कठीण जाते.

आजही रोज कुठल्या ना कुठल्या युद्धात काही तासांची, काही दिवसांची, कधी नुसती ‘लवकरच’ अशी युद्धबंदी जाहीर होते, आणि आपल्या पडद्यांवर, पानांवर ‘शांतता’ हा एकच मोठा शब्द झळकतो. वाचकांना माझी विनंती आहे की त्या शब्दाखाली दोन ओळी शोधा. ही कोणत्या वेळेला सुरू होणार, कोणत्या तारखेपर्यंत राहणार, त्या तारखेआधी कोणाला काय करायचे आहे, आणि ज्यांच्या गावांवर बॉम्ब पडत होते ती माणसे टेबलावर होती का? हे बातमीत नसेल तर वर्तमानपत्राला पत्र लिहून विचारा. आणि परदेशी बातम्यांच्या टेबलावर आता बसणाऱ्या तरुण मित्रांना सांगणे एवढेच आहे : मथळा दोन शब्दांनी लांबला तरी लांबू द्या, पण मुदत छापा.